अरण्याच्या श्वासाचा हिशेब

‘गॅस’ हा शब्द आपल्या घरांत इतका मुरला आहे की तो कधीकाळी कोणा एका माणसाने घडवला असेल, असे मनातही येत नाही. गॅस लावला, गॅस संपला, गॅसचा नंबर लावला, अशा नित्याच्या वाक्यांत तो ‘चूल’ या शब्दाची जागा घेऊन बसला आहे. परंतु ज्यांचा जनक नावानिशी सांगता येतो असे जे थोडे शब्द जगातील भाषांत आहेत, त्यांपैकी हा एक. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या परिसरात राहणारा वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट याने ग्रीकांच्या ‘खाओस’ या शब्दावरून तो बनवला. कोळसा जाळला की चिमूटभर राख उरते आणि बाकीचे सारे अदृश्य होऊन निघून जाते. या निसटून जाणाऱ्या पदार्थाला त्याने ‘गॅस सिल्व्हेस्ट्रे’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘सिल्व्हा’ म्हणजे अरण्य. तेव्हा हा रानातला, रानटी, आवरता न येणारा वायू. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साईड म्हणतो. पुढे सोयीसाठी आम्ही कर्बवायू म्हणू.

याच व्हान हेल्माँटचा दुसरा प्रयोग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. त्याने २०० पौंड वाळवलेली माती एका मोठ्या कुंडीत भरली, तीत विलोचे, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले, ५ पौंडांचे रोप लावले आणि ५ वर्षे त्याला केवळ पाणी घातले. अखेरीस झाडाचे वजन भरले १६९ पौंडांच्या वर, आणि माती कमी झाली ती जेमतेम २ औंस. यावरून त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्याचे बनते. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे लेखन प्रसिद्ध झाले. ज्याने वायूला अरण्याचे नाव दिले, त्यालाच अरण्य त्या वायूचे बनते हे दिसले नाही. ही उणीव बुद्धीची नव्हती. मातीला तराजू होता, पाण्याला माप होते. येणाऱ्या-जाणाऱ्या हवेला मात्र ना तराजू होता, ना माप. झाडाचे शरीर मुख्यतः हवेतला कर्बवायू आणि पाणी यांपासून घडते, हे वजनमापाने दाखवून देण्यास १८०४ साल आणि जिनिव्हाचा निकोला-तेओदोर द सोस्यूर यावा लागला.

हे सारे उगाळण्याचे कारण असे. आमच्याकडे मराठी शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे विज्ञानाकडे वळली आणि आता अरण्य व वातावरण यांच्यातील वायूंची देवघेव मोजण्याचे काम करते. रानालगतच्या गावांतील शिक्षकांसाठी व ग्रामसभांसाठी तिने सोळा पानांची एक पुस्तिका लिहिली आणि ‘सर, भाषा तेवढी बघून द्या’ असे म्हणून ती आमच्याकडे पाठवली. पुस्तिकेचे शीर्षक होते ‘रान श्वास घेते’. निव्वळ ‘भाषा तेवढी’ बघणे म्हणून काही वेगळी गोष्ट नसते, हे साहित्याच्या शिक्षकांना निराळे सांगायला नको. आम्ही शीर्षकातल्या क्रियापदापाशीच अडलो. घेते, हे खरे. पण सोडते त्याचे काय? आणि घेतलेले व सोडलेले यांचा हिशेब कोण, कोठे उभे राहून मांडतो?

प्रश्न केवळ शब्दाचा नव्हता. सामूहिक वनहक्काने ज्या गावांच्या हाती रान आले आहे, त्यांच्यापर्यंत आता ‘तुमचे रान किती कार्बन शोषते’ असे विचारणारी आणि त्याचे मोल करू पाहणारी माणसे पोहोचू लागली आहेत. ग्रामसभेपुढे एक आकडा ठेवला जाईल आणि त्या आकड्याखाली सह्या मागितल्या जातील. अशा वेळी ‘श्वास घेते’ हे गोड वाक्य कोणाच्या बाजूने बोलेल, हे पाहणे आम्हांस आवश्यक वाटले. म्हणून भाषा बघता बघता आम्ही विषयच वाचू लागलो.

रान उच्छ्वास टाकते, ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नाही. रात्री चिंचेखाली झोपू नये, पिंपळाखाली झोपू नये, हे घरोघरी सांगितले गेले. आमची आजी त्याचे कारण मुंजा हे सांगे; शाळेच्या पुस्तकाने मुंजाच्या जागी कर्बवायू आणून बसवला. याच धर्तीची भीती युरोपातही होती. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली, वनस्पती प्रकाशातच हवा शुद्ध करतात, हे दाखवणारा ग्रंथ लिहिला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच सावलीत आणि रात्री त्या हवा दूषित करतात असेही बजावलेले होते. मोकळ्यावर झोपलेल्या माणसाला त्याने इजा होत नाही, कारण तो वायू पसरून जातो. पण मूळ निरीक्षण खरे आहे. पाने, खोडे, मुळे अहोरात्र उच्छ्वास टाकतात. जमिनीवर पडलेला पालापाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीवही टाकतात. रानाच्या एकूण उच्छ्वासाचा मोठा हिस्सा मातीतून वर येतो. म्हणजे जिवंत झाडाबरोबर मेलेले पानही या हिशेबात आहे.

आता मोजायचे कसे? एक पान काचेच्या डबीत बंद करून मोजता येते, मातीच्या तुकड्यावर घुमटी ठेवून मोजता येते. संपूर्ण रान कोणत्या डबीत ठेवणार? यावर निघालेला मार्ग असा की रानाच्या डोक्यावर, झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच, एक मनोरा उभारायचा आणि तेथून जाणारा-येणारा वारा तपासायचा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम या गावी हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-अरण्य आहे. तेथील सुमारे ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून स्टीव्हन वॉफ्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०पासून हे मोजमाप आरंभिले. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: ते रान वर्षाला दर हेक्टरी सुमारे ३.७ टन कार्बन आपल्यापाशी ठेवून घेते. एका संपूर्ण रानाचा वर्षाचा ताळेबंद वाऱ्यावरून मांडण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

ही रीत समजून घेण्यासाठी आम्ही पुस्तिकेत एक दृष्टांत सुचवला, तो येथेही देतो. जत्रेच्या दिवशी देवळाच्या दाराशी उभे राहा. दिवसभरात जितकी माणसे आत गेली तितकीच बाहेर आली. नुसती माणसे मोजली तर हाती शून्य येते. पण आत जाणाऱ्याच्या हातात अख्खा नारळ आहे आणि बाहेर येणाऱ्याच्या हातात अर्धी वाटी. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे पाहिले, तर गाभाऱ्यात न शिरताही देवळात किती नारळ राहिले ते सांगता येईल. मनोऱ्यावरचे यंत्र हेच करते. वारा आडवा वाहतो असे आपल्याला वाटते, परंतु तो अगणित लहानमोठ्या भोवऱ्यांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक भोवरा हवा क्षणभर खाली आणतो, क्षणभर वर नेतो. अर्ध्या तासाचा हिशेब केला तर वर गेलेली आणि खाली आलेली हवा जवळजवळ सारखी भरते. उभ्या वाऱ्याची सरासरी शून्य. मात्र दिवसा खाली येणाऱ्या हवेत कर्बवायू किंचित अधिक असतो आणि पानांना स्पर्शून वर जाणाऱ्या हवेत किंचित कमी. हा किंचित फरक रानाने ठेवून घेतला. रात्री याच्या उलट.

यासाठी दोन यंत्रे शेजारी-शेजारी बसवतात. एक मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी काही सेंटिमीटर अंतरावर पाठवते आणि तो पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून तिन्ही दिशांचा वारा ओळखते. दुसरे अवरक्त किरण हवेतून पाठवून, त्यांतला किती भाग कर्बवायूने गिळला, यावरून त्याचे प्रमाण सांगते. हे दर सेकंदाला दहा ते वीस वेळा चालते. मग प्रत्येक क्षणी वारा सरासरीपासून किती ढळला आणि त्याच क्षणी कर्बवायू सरासरीपासून किती ढळला, यांचा गुणाकार करून अर्ध्या तासाची सरासरी घेतात. असे अर्धे तास दिवसाचे ४८ आणि वर्षाचे १७,५२०. या रीतीला एडी कोव्हेरिअन्स म्हणतात. तिच्या मुळाशी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८९५ साली द्रवांच्या खळबळीसंबंधी मांडलेला विचार आहे. ऑस्ट्रेलियात विल्यम स्विनबँकने १९५१ साली ती वातावरणातील उष्णता व बाष्प यांच्या वहनासाठी मांडली. कर्बवायूसाठी पुरेशी चपळ यंत्रे आणि पुरेसे गणनायंत्र हाती येण्यास मात्र आणखी काही दशके जावी लागली.

आम्हां साहित्याच्या माणसांना या गणितातली एक गोष्ट विशेष वाटली. येथे सरासरी काहीच सांगत नाही. जे काही कळते ते ढळण्यातून. तेही एकट्या वाऱ्याच्या किंवा एकट्या वायूच्या ढळण्यातून नाही, दोघे एकाच क्षणी बरोबर ढळले तरच. एखाद्या कवितेत लय ढळते आणि त्याच ठिकाणी अर्थही वळण घेतो, तेव्हा आपण थबकतो. लय एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे ढळला तर तो केवळ दोष राहतो. तुलना फार ताणू नये. असो.

आता हिशेबातली अडचण. पृथ्वीवरील साऱ्या वनस्पती मिळून प्रकाशसंश्लेषणाने वर्षाला १२० अब्ज टनांहून अधिक कार्बन हवेतून घेतात. यातला बहुतेक सारा भाग त्यांच्या स्वतःच्या आणि मातीच्या उच्छ्वासातून, वणव्यांतून, कुजण्यातून परत जातो. गेल्या दशकातले अंदाज पाहता जमिनीपाशी उरते ती शिल्लक वर्षाला सुमारे ३ अब्ज टन. मनुष्यजात दगडी कोळसा, तेल आणि वायू जाळून जे हवेत सोडते ते सुमारे १० अब्ज टन. म्हणजे आपण ज्या शिल्लकेवर भिस्त ठेवून आहोत, ती दोन प्रचंड रकमांच्या वजाबाकीतून उरलेली लहानशी रक्कम आहे. जमेत किंवा खर्चात शंभरात दोनाची चूक झाली, तर शिल्लकेचा मोठा हिस्सा त्यात वाहून जातो.

या साऱ्याचा परिणाम हवाई बेटांतील माउना लोआ पर्वतावर दिसतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८च्या मार्चमध्ये तेथे नोंदी सुरू केल्या, तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कर्बवायू होता. २०२४ सालची सरासरी ४२४च्या वर गेली. चढत जाणाऱ्या त्या रेषेला वर्षाकाठी एक दाता असतो: उत्तर गोलार्धातली झाडे पालवली की ती थोडी खाली येते, पाने गळून कुजू लागली की वर जाते. साऱ्या गोलार्धाचे ते एकत्र श्वसन आहे. पण त्यात कोणत्या रानाचा वाटा किती, हे पर्वत सांगू शकत नाही. त्यासाठी मनोऱ्याखाली यावे लागते.

मनोऱ्याखाली आले की आकड्यांत इतिहास दिसू लागतो. पीटरशॅमचे रान आदिम नाही. त्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जमीन साफ करून शेती व कुरणे झाली होती. मग शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, शेते ओस पडली आणि रान परतले. आजही त्या रानातून फिरताना झाडांच्या मधून दगडी बांध जातात. ज्या शेतांच्या हद्दी ते दाखवत होते ती शेते आता नाहीत. त्याच राज्यातल्या काँकर्डमध्ये १८६० साली हेन्री डेव्हिड थोरोने शेतकऱ्यांपुढे रानातील झाडांच्या उत्तराधिकारावर व्याख्यान दिले होते. पाइनचे रान तोडले की तेथे ओक का उगवतो, याचे उत्तर त्याने बिया वाहून नेणाऱ्या खारींत आणि वाऱ्यात शोधले होते. १९३८च्या मोठ्या चक्रीवादळाने पीटरशॅमची पुष्कळ झाडे आडवी केली, आणि त्यानंतर वाढलेले ओक व मेपल आज मनोऱ्याभोवती उभे आहेत. तेव्हा हेक्टरी ३.७ टन हा आकडा कोणत्याही रानाचा स्वभाव सांगत नाही. सोडून दिलेली शेते आणि एक वादळ यांची ती उशिरा होत असलेली भरपाई आहे. गावाला त्याच्या रानाचा आकडा सांगताना त्या रानाचे वय आणि पूर्वचरित्रही सांगितले पाहिजे, हे आम्ही येथे शिकलो.

आकड्याचे एककही तितक्याच काळजीने सांगावे लागते. ‘कार्बन’ आणि ‘कर्बवायू’ हे दोन्ही शब्द बोलताना आपण सरमिसळ वापरतो. पण एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कर्बवायू. ३.७ टन कार्बन आणि १३.६ टन कर्बवायू ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. पुस्तिकेत सर्वत्र नुसता ‘कर्ब’ असा शब्द होता. एका जोडाक्षरी प्रत्ययाच्या अभावी करारातली रक्कम पावणेचारपट इकडची तिकडे होऊ शकते, हे पाहून व्याकरणाविषयीचा आमचा आदर वाढला.

परंतु या विद्येची खरी कसोटी रात्री लागते. दिवसा ऊन जमीन तापवते, हवा खळबळते, भोवरे मनोऱ्यापर्यंत पोहोचतात. शांत, निरभ्र रात्री खालची हवा थंड आणि जड होऊन पडून राहते. रान उच्छ्वास टाकतच असते, पण तो वर मनोऱ्यापर्यंत येत नाही. झाडांच्या बुंध्यांशी साचतो, किंवा उतारावरून पाण्यासारखा ओघळून दरीत जातो. यंत्र बिघडलेले नसते. ते प्रामाणिकपणे ‘काही आले नाही’ असे नोंदवते, आणि हिशेब करणारा ‘काही निघाले नाही’ असे वाचतो. उच्छ्वास कमी मोजला गेला की रान अधिक शोषते असे भासते. हार्वर्डच्या रानावर काम करणाऱ्यांनी १९९६ सालीच हा दोष तपशिलाने दाखवला आणि ज्या रात्री वाऱ्याचे घर्षण एका मर्यादेच्या खाली असेल, त्या रात्रींच्या नोंदी बाजूला काढण्याची रीत रूढ झाली.

याचे गांभीर्य ॲमेझॉनमध्ये दिसले. ब्राझीलमधील मनाउसजवळच्या एका मनोऱ्यावरून १९९८ साली प्रसिद्ध झालेला हिशेब सांगत होता की ते रान वर्षाला हेक्टरी ५.९ टन कार्बन ठेवून घेते. जुन्या, पूर्ण वाढलेल्या रानासाठी हा आकडा चकित करणारा होता. पुढे तापाजोस येथील अरण्यात, शांत रात्रींची दुरुस्ती करून मांडलेला हिशेब २००३ साली आला: ते रान शोषत नव्हते, हेक्टरी सुमारे १.३ टन कार्बन गमावत होते, कारण पूर्वी कोसळलेल्या झाडांचे लाकूड अजून कुजत होते. शिवाय ओल्या ऋतूत ते गमावी आणि कोरड्या ऋतूत कमावी, अपेक्षेच्या नेमके उलट. दोन जागा वेगळ्या होत्या, त्यांचा इतिहास वेगळा होता. म्हणून एकाने दुसऱ्याला खोटे ठरवले असे म्हणता येत नाही. पण ‘पृथ्वीची फुप्फुसे’ या बहुप्रचलित उपमेतले अपुरेपण मात्र यातून उघडे पडते. ती उपमा रानाला केवळ दाता मानते. त्याच्या रात्रीला तीत जागा नाही. वास्तविक ॲमेझॉन जितका प्राणवायू निर्माण करते, जवळजवळ तितकाच त्याच्या स्वतःच्या श्वसनात आणि कुजण्यात खर्चही होतो. रानाचे महत्त्व त्याने साठवून धरलेल्या कार्बनात, फिरवलेल्या पाण्यात आणि पोसलेल्या जीवांत आहे. त्यासाठी त्याला फुप्फुस म्हणण्याची गरज नाही.

बाजूला काढलेल्या रात्रींचे पुढे काय होते? वर्षाचा ताळेबंद मांडायचा तर रिकाम्या जागा भराव्या लागतात. पाऊस, वीज जाणे, यंत्राची देखभाल आणि शांत रात्री मिळून एका वर्षातले सुमारे एक तृतीयांश अर्धे तास असे रिकामे निघतात. ते तापमान, प्रकाश आणि आसपासच्या दिवसांच्या नोंदी पाहून अनुमानाने भरले जातात. हे वाचताना आम्हांस आमचे वडील आठवले. ते एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि रोज सकाळी साडेआठ वाजता अंगणातल्या पर्जन्यमापकाची नोंद घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. एका श्रावणात घरी सुतक होते. तीन दिवस ते कचेरीत गेले नाहीत आणि ते तीन चौकोन वहीत रिकामे राहिले. वरिष्ठांनी सांगितले, शेजारच्या तालुक्याचे आकडे पाहून अंदाजे भरून टाका, महिन्याची बेरीज अडते. वडिलांनी ते भरले. पण पेन्सिलीने, आणि प्रत्येकाभोवती गोल काढून. बेरीज शाईने लिहिली आणि खाली टीप दिली की यातील तीन दिवस मोजलेले नाहीत. त्यावरून त्यांना बोलणी बसली. ती वही पुढे कोठे गेली ते ठाऊक नाही.

साहित्याच्या वाचकांना ही पेन्सिल ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली त्या आवृत्तीत एक शिस्त पाळली गेली: हस्तलिखितांच्या साक्षीने ज्या पाठाची खात्री पटली तो तसाच छापला, आणि जो पाठ संशयास्पद वाटला, त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. संहिता अखंड वाचता येते. पण संपादक कोठे निश्चित आहे आणि कोठे अनुमानावर आहे, हे प्रत्येक अक्षराखाली दिसते. वायुप्रवाहांच्या मोजणीतही असेच घडते, हे पाहून आम्हांस समाधान वाटले. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘फ्लक्सनेट’ या मनोऱ्यांच्या जागतिक जाळ्याने २१२ स्थळांच्या नोंदी एकत्र करून एक संच सर्वांसाठी खुला केला; त्यात प्रत्येक अर्ध्या तासापुढे तो मोजलेला की भरलेला, आणि भरलेला असल्यास कितपत विश्वासाचा, याची खूण असते. याच विद्येत दुसरी एक कबुलीही उघडपणे दिली जाते: सूर्याकडून रानाला मिळालेली ऊर्जा आणि मनोऱ्याने मोजलेला तिचा खर्च यांचा ताळा सहसा जुळत नाही, बहुतेक ठिकाणी सुमारे पाचवा हिस्सा सापडत नाही. हा फरक लपवून ठेवण्याऐवजी प्रत्येक गंभीर लेखात नोंदला जातो.

आपल्या देशातही असे मनोरे उभे राहिले आहेत. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने आसामातील काझीरंगाच्या रानात आणि तमिळनाडूतील पिचावरमच्या खारफुटीत ही मोजणी केली आहे. काझीरंगाच्या नोंदींत एक गोष्ट अशी आढळली की रानाचे शोषण पावसाआधीच्या महिन्यांत जोमदार असते आणि ऐन पावसाळ्यात ते मंदावते, कारण ढगांमुळे पानांना प्रकाश कमी पडतो. श्रावणातल्या हिरवाईवर वाढलेल्या आमच्या मराठी मनाला हे पचायला जड जाते. डोळ्याला जे रान सर्वांत समृद्ध दिसते, ते त्या वेळी सर्वाधिक कमावते असे नाही. हे सह्याद्रीला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. सह्याद्रीच्या रानाचा हिशेब सह्याद्रीवरच मांडावा लागेल. त्यातही पाऊस यंत्राच्या भिंगावर आणि ध्वनिवाहक टोकांवर थेंब ठेवून जातो, म्हणजे मोसमी प्रदेशात सर्वाधिक रिकाम्या चौकटी नेमक्या त्या ऋतूत पडण्याचा संभव, ज्याच्याविषयी आपल्याला सर्वाधिक उत्सुकता आहे.

या सर्व वाचनानंतर आम्ही त्या शीर्षकाकडे परत गेलो. विद्यार्थिनीचे म्हणणे होते, ‘सर, श्वास म्हटले की लोकांना रान आपलेसे वाटते.’ हा युक्तिवाद खोडून काढण्यासारखा नाही. मोजणारे शास्त्रज्ञही आपापसांत श्वास हाच शब्द वापरतात. रूपकावाचून त्यांचेही भागत नाही. आम्ही इतकेच सुचवले की मराठीत श्वास आणि उच्छ्वास यांना एकत्र बांधणारा शब्द आहे, तो अर्धा तोडू नये. आणि तो पुस्तिकेला जड वाटत असेल, तर गावाच्या व्यवहारातला ‘देवघेव’ हा शब्द आहेच. त्यात देणेही आहे आणि घेणेही; शिवाय देवघेव म्हटली की समोरचा माणूस आपसूक हिशेब विचारतो. ‘श्वास’ म्हटले तर तो भारावून मान डोलावेल. ‘देवघेव’ म्हटले तर विचारेल की किती दिले, किती घेतले, आणि मोजले कोणी.

पुस्तिका आता ‘रानाची देवघेव’ या नावाने निघाली आहे. तिच्या शेवटच्या पानावर एका मनोऱ्याच्या एका वर्षाच्या शिलकेचा तक्ता आहे. महिन्यांच्या ओळी, दिवसाचे शोषण, रात्रीचा उच्छ्वास, शिल्लक. आमच्या आग्रहावरून त्यात आणखी एक रकाना घातला गेला: त्या महिन्यातले किती तास प्रत्यक्ष मोजले आणि किती अनुमानाने भरले. छापणाऱ्याने विचारले, हा रकाना गाळला तर तक्ता पानात नीट बसेल. विद्यार्थिनीने अक्षरे बारीक करायला सांगितली, रकाना राहू दिला. जुलैच्या ओळीत भरलेल्या तासांचा आकडा मोजलेल्या तासांपेक्षा मोठा आहे. ज्या ग्रामसभेत ती पुस्तिका वाचली जाईल, तेथे कोणीतरी जुलैवर बोट ठेवून प्रश्न विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.